गोड्या पाण्याचे ऑनलाइन दप्तर

पृथ्वीवरच्या एकूण पाण्यात गोड्या पाण्याचा वाटा सुमारे अडीच टक्के. त्यातलेही बहुतेक बर्फात गोठलेले आणि उरलेले बरेचसे जमिनीखाली. नद्या, ओढे, तळी मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्का भागही व्यापत नाहीत. तरीही जगातल्या माशांच्या ज्ञात प्रजातींपैकी जवळपास निम्म्या याच पाण्यात राहतात. शिवाय बेडूक, कासवे, खेकडे, शिंपले, चतुर, टाचण्या आणि ज्यांचे बालपण पाण्याखाली जाते असे असंख्य कीटक वेगळेच. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात गोड्या पाण्यातील मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे-कोळंबीच्या गटातील २३,४९६ प्रजातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २४ टक्के प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले. वाघ-हत्तींच्या तुलनेत या जीवांची बातमी क्वचितच होते, कारण ती पाण्याखाली घडते.

या जीवांविषयीची माहिती दीर्घकाळ दोनच ठिकाणी सापडायची : संग्रहालयातल्या बरण्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांत आणि मोठ्या ग्रंथालयांतल्या जुन्या नियतकालिकांत. गेल्या तीस वर्षांत तिचा फार मोठा भाग इंटरनेटवर आला, तोही मोफत. पुण्यातला किंवा गोंदियातला विद्यार्थी आज घरबसल्या जे पाहतो, त्यासाठी पूर्वी कोलकाता किंवा लंडन गाठावे लागे. मात्र ही सगळी संकेतस्थळे एका हेतूने उभी राहिलेली नाहीत. कोणी मत्स्यव्यवसायाच्या हिशेबासाठी बांधले, कोणी नावांचा घोळ निस्तरण्यासाठी, कोणी हौशी निरीक्षकांसाठी. जे ज्या कामासाठी बांधले गेले, त्या कामात ते भरवशाचे. भलताच प्रश्न विचारला तरी ते उत्तर देते, पण त्या उत्तरावर किती विसंबायचे हे वाचणाऱ्याला ठरवावे लागते. एक ओळखीचा मासा घेऊन या स्थळांवरून फेरी मारली की हा फरक लगेच कळतो.

त्यासाठी सह्याद्रीतला महसीर सोयीचा आहे. त्याला मराठीत खडशी, खडस अशी नावे आहेत. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. रायगड जिल्ह्यात महाडजवळचे वाळणकोंड, वाडा तालुक्यात वैतरणेवरचे तिळसे अशा ठिकाणी महसीर देवाचे मासे मानले जातात. तिथे त्यांना कोणी गळ टाकत नाही, उलट खाऊ घालतात. शास्त्राच्या दप्तरात या माशाची पहिली नोंद लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केली. साइक्स मुंबई इलाख्याच्या सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत फिरत होते आणि त्या फिरतीत मासे, पक्षी, धान्ये असे जे समोर येईल ते टिपत होते. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाला त्यांनी कोळ्यांच्या तोंडचेच नाव दिले आणि ते १८३९ मध्ये छापून आले. नुक्ता, कोळस, मसुळा ही माशांची मराठी नावेही याच मार्गाने लॅटिन नामावळीत जाऊन बसली.

या माशाची माहिती शोधताना बहुतेकांना सर्वांत आधी भेटते ते फिशबेस. डॅनियल पॉली आणि रायनर फ्रोजे या मत्स्यशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने फिलिपिन्समध्ये हा प्रकल्प सुरू झाला. ज्या देशांत मासेमारी मोठी पण ग्रंथालये तोकडी, तिथल्या शास्त्रज्ञांच्या हाती आकडे असावेत हा मूळ हेतू. आधी सीडीवर आणि १९९६ पासून वेबवर आलेल्या या कोशात आज ३५ हजारांहून जास्त माशांच्या प्रजाती आहेत. प्रत्येक पानावर माशाची लांबी, वजन, खाणे, वसतिस्थान, अंडी घालण्याची रीत, बाजारातली किंमत-श्रेणी असे रकाने असतात. देशानुसार यादी काढता येते. भारत निवडून ‘गोडे पाणी’ असा निकष लावला की देशातल्या नद्या-तलावांतील माशांची यादी समोर येते. स्थानिक नावांचाही शोध घेता येतो, त्यात मराठी नावे आहेत. मात्र ती रोमन लिपीत आणि ज्याने जशी ऐकली तशी लिहिलेली, त्यामुळे एकाच नावाची दोन-तीन स्पेलिंगे करून पाहण्याची तयारी ठेवावी लागते.

फिशबेसची खरी ताकद आकड्यांपेक्षा त्या आकड्यांशेजारच्या छोट्या संदर्भ-क्रमांकांत आहे. महसिराची कमाल लांबी अमुक इतकी, असे लिहिले असेल तर त्या क्रमांकावर टिचकी मारताच ती कोणी, कुठे आणि कधी मोजली हे कळते. आकडा एकाच नमुन्यावरून आलेला आहे की शेकडो माशांवरून, तळ्यातल्या माशाचा आहे की नदीतल्या, हे तिथेच उलगडते. बहुतेक वाचक ही टिचकी मारत नाहीत आणि मग तेच आकडे वर्तमानपत्रांतून, प्रकल्पवह्यांतून, कधी प्रबंधांतूनही जसेच्या तसे फिरत राहतात.

नावाचा प्रश्न असेल तर मात्र फिशबेसऐवजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे ‘एशमेयर्स कॅटलॉग ऑफ फिशेस’ उघडावे. विल्यम एशमेयर यांनी आयुष्यभर चालवलेले हे काम १९९८ मध्ये तीन जाड खंडांत छापले गेले. आता ते ऑनलाइन सतत अद्ययावत होत असते. इथे चित्रे नाहीत, रंग नाहीत. एकेक नोंद म्हणजे कोर्टातल्या रोजनाम्यासारखा मजकूर : मूळ नाव काय होते, कोणत्या पानावर छापले गेले, नमुना कुठून आला, तो आता कुठल्या संग्रहालयात आहे, नंतर कोणी त्याला कोणत्या गटात हलवले आणि आज ग्राह्य नाव कोणते. ‘खुद्री’ शब्द टाकला की मूळचा ‘बार्बस खुद्री’ आजचा ‘टॉर खुद्री’ कसा झाला याचा सारा प्रवास दिसतो. शेजारचा ‘मसुळा’ अधिक गमतीचा आहे. साइक्स यांच्या या माशाला अनेक वर्षे महसीर समजले गेले आणि ‘टॉर मसुळा’ हे नाव दक्षिणेतल्या एका वेगळ्याच, कुबड असलेल्या महसिराला चिकटले. पुढे जुना मजकूर आणि ताजे नमुने पडताळल्यावर साइक्स यांचा मसुळा महसीर नसून ‘हिप्सेलोबार्बस’ या वेगळ्याच गटातला असल्याचे दाखवण्यात आले. जुन्या पुस्तकातले नाव घेऊन थेट शोध घेणाऱ्याची अशी फसगत हमखास होते. म्हणून आधी नाव पक्के करायचे आणि मगच माहिती शोधायची, हा क्रम सोडू नये.

मूळ मजकूर वाचायचा असेल तर त्याचीही सोय आहे. ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या २००६ मध्ये सुरू झालेल्या सामायिक ग्रंथालयात जगभरच्या संग्रहालयांनी आपली जुनी पुस्तके पान-पान स्कॅन करून ठेवली आहेत. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांचे १८२२ चे गंगेतल्या माशांवरचे पुस्तक, साइक्स यांचा दख्खनच्या माशांवरचा निबंध, फ्रान्सिस डे यांचा १८७५ ते १८७८ या काळात निघालेला ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा सचित्र ग्रंथ हे सारे फुकट उतरवून घेता येते. डे यांच्या ग्रंथातल्या चित्रांत खवले मोजता येतील इतका तपशील आहे. ती चित्रे आजही ओळख पटवायला उपयोगी पडतात. छापील प्रत एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या कपाटात असते, पण कपाटाची किल्ली कुठे असते ते कोणालाच ठाऊक नसते.

मासा संकटात आहे का, या प्रश्नासाठी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी आहे. १९६४ पासून चालत आलेली ही यादी प्रत्येक प्रजातीला एका वर्गात बसवते : चिंता नसलेली, धोक्याच्या जवळची, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त आणि पुढे निसर्गातून किंवा जगातूनच नामशेष. ‘माहिती अपुरी’ हाही एक वर्ग आहे, आणि गोड्या पाण्यातल्या जीवांत तो बराच मोठा आहे. अनेक जण तो वाचून निर्धास्त होतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ठरवण्याइतके कोणी पाहिलेलेच नाही, असा आहे. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या ११४६ प्रजातींचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास १६ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचे दिसले. तो संपूर्ण अहवाल आजही मोफत मिळतो, आणि सह्याद्रीतल्या ओढ्यांविषयी अभ्यास सुरू करणाऱ्याने तो आधी वाचावा असाच आहे.

लाल यादीचा नकाशा वाचण्याची एक खोच आहे. गोड्या पाण्यातल्या प्रजातींचे क्षेत्र हायड्रोबेसिन्स या पाणलोटांच्या नकाशावर रंगवले जाते. म्हणजे एखाद्या उपनदीत मासा सापडला की तिचे अख्खे पाणलोट क्षेत्र रंगते. त्यामुळे नकाशावर तालुकाभर पसरलेला मासा प्रत्यक्षात दोन-तीन डोहांपुरता उरलेला असू शकतो. वाघाचा नकाशा आणि माशाचा नकाशा शेजारी ठेवून क्षेत्रफळाची तुलना करणे म्हणूनच फसवे ठरते.

पुन्हा खडशीकडे. २०११ मध्ये लाल यादीने तिला संकटग्रस्त ठरवले होते; २०१८ च्या फेरआढाव्यात ती ‘चिंता नसलेल्या’ वर्गात आली. त्याच वर्षी कुबडवाल्या महसिराचे कोडेही सुटले. कावेरी खोऱ्यातला हा प्रचंड मासा इंग्रज गळवाल्यांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता, पण त्याचे शास्त्रीय नाव निश्चित नव्हते. २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या मुक्त नियतकालिकातल्या शोधनिबंधाने तो म्हणजे टॉर रेमादेवी असल्याचे सिद्ध केले, आणि लाल यादीने त्याला थेट अतिसंकटग्रस्त वर्गात टाकले. त्याच्या ऱ्हासाचा एक धागा महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटा पॉवरच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महसिराची पैदास होत आली. तिथली खडशीची पिल्ले देशातल्या अनेक जलाशयांत आणि कावेरीतही सोडली गेली. महसीर वाचवावा हाच हेतू होता, पण परक्या नदीत गेलेल्या खडशीने तिथल्या मूळ महसिराची जागा व्यापली, असे पुढच्या अभ्यासात दिसले. हा सारा इतिहास जोडायला फिशबेस, कॅटलॉग, लाल यादी आणि शोधनिबंध ही चारही दप्तरे लागतात.

आता नोंदींच्या नकाशाकडे. कोपनहेगनहून चालणारी ‘जीबीआयएफ’ ही २००१ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय यंत्रणा संग्रहालयांतले नमुने, सर्वेक्षणे आणि हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करते. तिथे अशा अब्जावधी नोंदी आहेत. प्रजातीचे नाव टाकले की ती कुठे-कुठे सापडली याचे ठिपके दिसतात. ते पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, ठिपके जिथे माणसे पोहोचली तिथे दाट असतात : शहरांभोवती, अभयारण्यांत, हमरस्त्यांलगत. कोरा भाग म्हणजे तिथे जीव नाही असे मुळीच नाही. तिथे कोणी पाहिलेले नाही, एवढेच. दोन, जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसते ‘पूना’ लिहिलेले असते आणि संगणक त्याचे अक्षांश-रेखांश शहराच्या मध्यावर टाकून मोकळा होतो. मग शनिवारवाड्याच्या आसपास ओढ्यातला मासा पोहताना दिसला तर नवल नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्यामागची मूळ नोंद उघडून वर्ष आणि अचूकता पाहायची असते. ही सोय तिथे दिलेली आहे, वापरायची आपण.

ताज्या नोंदींचा सर्वांत मोठा ओघ आज आयनॅचरलिस्टवरून येतो. बर्कलेच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये पदव्युत्तर प्रकल्प म्हणून सुरू केलेले हे व्यासपीठ आता स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. मोबाइलवरून फोटो, ठिकाण आणि तारीख टाकली की संगणक संभाव्य नावे सुचवतो आणि मग जगभरातले जाणकार आपापले मत नोंदवतात. ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोकांचे एकमत झाले की नोंद ‘संशोधन-योग्य’ ठरते आणि जीबीआयएफकडे जाते. धोक्यातल्या प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप धूसर केले जाते, जेणेकरून चोरट्या शिकाऱ्यांना पत्ता मिळू नये.

संगणकाने सुचवलेल्या नावावर मात्र डोळे झाकून शिक्का मारू नये. टाचण्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. काठावरच्या गवतावर बसलेली निळी टाचणी वरून टिपली तर डझनभर प्रजातींपैकी कोणतीही असू शकते. तीच बाजूने टिपली, छातीवरचे पट्टे आणि शेपटाच्या टोकाचे छोटे चिमटे स्पष्ट आले तर जाणकार क्षणात नाव सांगतो, कारण नराचे हे चिमटे प्रत्येक प्रजातीत वेगळ्या घडणीचे असतात. माशाचेही तसेच. हातात धरून, पंख चिकटलेल्या अवस्थेत काढलेल्या फोटोचा फारसा उपयोग नाही. पाणी भरलेल्या छोट्या काचेच्या पेटीत मासा क्षणभर ठेवून, पंख फुललेले असताना नेमक्या बाजूने फोटो घेतला तर मिशांच्या जोड्या, पार्श्वरेषेवरचे खवले, शेपटीजवळचा ठिपका सगळे दिसते. मग मासा तिथेच सोडून द्यायचा. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवले की आकाराचाही प्रश्न मिटतो.

चतुर-टाचण्यांसाठी भारतात स्वतंत्र आणि उत्तम स्थळ आहे : ‘ओडोनाटा ऑफ इंडिया’. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधून चालणाऱ्या ‘बायोडायव्हर्सिटी अॅटलास – इंडिया’ या उपक्रमाचा तो भाग आहे. प्रजातीनिहाय पाने, नर-मादीचे वेगवेगळे फोटो, कोणत्या महिन्यात कुठे दिसली याच्या नोंदी आणि त्या तपासणारे तज्ज्ञ अशी त्याची घडण आहे. फोटो आधी तपासला जातो आणि मगच पानावर येतो, त्यामुळे इथली ओळख सहसा चुकत नाही. सोबतीला फ्रेझर यांचे चतुर-टाचण्यांवरचे, १९३३ ते १९३६ दरम्यान निघालेले तीन जुने खंडही डिजिटल ग्रंथालयांत मिळतात. पावसाळ्याच्या सुमारास मैदानांवर थव्याने घिरट्या घालणारा, फिकट सोनेरी रंगाचा चतुर, पँटाला फ्लेवेसेन्स, हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातो असे २००९ मध्ये मालदीवमधल्या निरीक्षणांवरून मांडले गेले. जगभरातल्या त्याच्या नोंदी महिन्यांनुसार लावून पाहण्याचा उद्योग शाळकरी मुलांनाही जमण्याजोगा आहे.

दगडाखालच्या जगाबाबत मात्र भारतीय वाचकाची आबाळ आहे. वाहत्या ओढ्यातला एखादा दगड उलटा केला की त्याच्या ओल्या बाजूला चपटे, सरपटणारे किडे पळताना दिसतात. पोटाच्या कडेला कल्ले हलवणारी, सहसा तीन शेपट्यांची ती मेफ्लायची अळी. दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय. आणि वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी ती कॅडिसफ्लाय. या तिन्हींना भरपूर प्राणवायूचे स्वच्छ पाणी लागते. तिथे त्या नसून नुसत्याच लाल, वळवळणाऱ्या अळ्या असतील तर सांडपाणी मिसळत असण्याची शक्यता मोठी. त्या अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्याने कमी प्राणवायूतही त्या तग धरतात. पाण्याची तब्येत किड्यांवरून ओळखण्याची ही रीत जगभर वापरली जाते, भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही तिचे निकष ठरवले आहेत. या किड्यांची सर्वांत देखणी सचित्र मार्गदर्शिका मात्र पूर्व अमेरिकेतल्या जीवांची आहे. ‘मॅक्रोइन्व्हर्टिब्रेट्स डॉट ऑर्ग’ या स्थळावर एकेका अळीचा फोटो केसागणिक मोठा करून पाहता येतो. कुळ ओळखण्यापुरता तिचा उपयोग इथेही होतो. प्रजातीसाठी तिच्यावर विसंबले तर सह्याद्रीत अमेरिकन किडे सापडू लागतील.

इतर गटांची दप्तरे थोडक्यात सांगता येतात. बेडकांच्या नावांसाठी अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची ‘अँफिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड’ आणि माहितीसाठी ‘अँफिबियावेब’. आंबोलीच्या जांभ्यावरच्या डबक्यांत वीण करणारा, २००९ मध्ये नव्याने वर्णन झालेला पट्टेरी भेक दोन्हीकडे आहे. कासवांसाठी ‘रेप्टाइल डेटाबेस’. पाणपक्ष्यांसाठी ‘ईबर्ड’, जे २००२ पासून चालू आहे आणि ज्याच्या भारतीय नोंदी आता प्रचंड आहेत. वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू उद्यानाचे ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’. साताऱ्याच्या पठारांवर पावसाळी डबक्यांत उगवणारा वायतुरा, म्हणजे अॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, तिथे सापडतो. गोगलगाई-शिंपल्यांसाठी ‘मोलस्काबेस’. इथे एक सह्याद्रीचे नवल पाहण्याजोगे आहे : क्रेम्नोकाँकस. तिचे सारे कुळ समुद्रकाठच्या खडकांवर राहणारे, पण ही गोगलगाय घाटातल्या धबधब्यांच्या तुषारांनी भिजलेल्या कड्यांवर राहते. आपल्या कुळात समुद्र सोडून गोड्या पाण्यात आलेला हा एकमेव गट मानला जातो. पावसाळ्यात त्याच कड्यांखाली हजारो लोक भिजायला जातात; वर चिकटलेल्या मण्याएवढ्या शंखांकडे कोणाचे लक्ष जात नाही.

जीवांइतकीच पाण्याचीही माहिती लागते. धरणांचे साठे, नद्यांची पातळी, भूजल यांचे सरकारी आकडे ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’वर मिळतात. पाण्याच्या गुणवत्तेसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आपल्या तपासणी केंद्रांचे आकडे प्रसिद्ध करते. त्यात बीओडीचा रकाना पाहावा. पाण्यातली घाण कुजवण्यासाठी जीवाणूंना किती प्राणवायू लागतो, याचे ते माप. ते दर लिटरला तीन मिलिग्रॅमच्या वर गेले की नदीचा तो पट्टा प्रदूषित धरला जातो. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात असे ३११ पट्टे होते आणि त्यातले सर्वाधिक, ५५, महाराष्ट्रात. तपासणीचे केंद्र पुलाखाली आहे की सांडपाण्याच्या तोंडाशी, हेही सोबत पाहावे, कारण मैलभरात पाणी बदलते.

पाणी कुठे किती काळ टिकते, हे पाहायला युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने गूगलच्या मदतीने केलेला ‘ग्लोबल सरफेस वॉटर एक्स्प्लोरर’ आहे. १९८४ पासूनची लँडसॅट उपग्रहचित्रे जोडून तयार केलेल्या या नकाशात बारमाही पाणी, हंगामी पाणी, नाहीसे झालेले पाणी अशा वेगवेगळ्या रंगछटा असतात. उजनीचा फुगवटा उन्हाळ्यात कुठवर सरकतो ते त्यात स्पष्ट दिसते. मात्र चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा तीस मीटरचा चौरस. गावतळी, झरे, अरुंद ओढे त्यात मावत नाहीत आणि गोड्या पाण्यातले कित्येक दुर्मीळ जीव नेमके तिथेच असतात. देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात २४ लाख २४ हजार ५४० साठे मोजले गेले. त्यातले बहुसंख्य ग्रामीण भागातले, आणि निम्म्याहून अधिक म्हणजे साधी तळी. भंडारा-गोंदियातले मामा (माजी मालगुजारी) तलाव असोत की घाटमाथ्यावरचे पाझर तलाव, उपग्रहापेक्षा हीच गणना त्यांच्यासाठी जास्त उपयोगी.

पाणथळ जागांविषयीच्या रामसर कराराखाली जाहीर झालेल्या स्थळांच्या माहितीसाठी त्या कराराचे स्वतःचे संकेतस्थळ आहे. प्रत्येक स्थळाचे माहितीपत्रक, नकाशा, तिथल्या प्रजाती आणि धोके तिथे वाचता येतात. महाराष्ट्रातील तीन स्थळांपैकी गोड्या पाण्याचे म्हणावे असे एकच : गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूर मधमेश्वर, २०२० मध्ये यादीत आलेले. लोणारचे पाणी खारट-अल्कधर्मी आणि ठाण्याची ती खाडी. गोव्यातले कुडचड्याजवळचे नंदा तळे मात्र गोड्या पाण्याचे आहे. ते २०२२ मध्ये यादीत आले.

आकड्यांची आणखी एक गल्लत इथेच निस्तरलेली बरी. ‘लिव्हिंग प्लॅनेट’ अहवालाच्या २०२४ च्या आवृत्तीत १९७० ते २०२० या काळात गोड्या पाण्यातल्या प्राण्यांत ८५ टक्के घट दाखवली आहे. ‘शंभरातले ८५ प्राणी मेले’ असा त्याचा अर्थ बातम्यांत लावला गेला. प्रत्यक्षात ती ज्यांची वर्षानुवर्षे मोजणी झाली अशा प्राणिसमूहांच्या आकारातील बदलाची सरासरी आहे. लहान समूह निम्मा झाला काय आणि मोठा निम्मा झाला काय, सरासरीत दोघांचे वजन जवळपास सारखे धरले जाते. घट गंभीर आहेच. फक्त आकडा ज्याबद्दल आहे त्याबद्दलच वापरावा.

भारतातल्या संशोधनासाठी कोइम्बतूरहून २००९ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ पैसे न भरता वाचता येते. त्याच्या आधीच्या ‘झूज प्रिंट जर्नल’मध्ये मुळा-मुठेच्या माशांवरचे निबंध आहेत, शहर वाढले तसे नदीतले मासे कसे बदलत गेले हे पाहायचे तर तेच वाचावेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेची प्रकाशनेही ऑनलाइन खुली आहेत. त्यांत २०१२ चा महाराष्ट्राच्या प्राणिसृष्टीवरचा खंड आहे.

मराठीतून वाचू इच्छिणाऱ्यासाठी मराठी विश्वकोश हा पहिला आधार. त्याचे खंड संकेतस्थळावर आहेत आणि ‘मत्स्य’, ‘नदी’, ‘सरोवर’ अशा नोंदींतली परिभाषा पक्की आहे. काही नोंदी अर्धशतक जुन्या असल्याने शास्त्रीय नावे मात्र कॅटलॉगवर तपासून घ्यावीत. कुमार विश्वकोशाच्या जीवसृष्टीविषयक नोंदी शाळकरी वाचकाला अधिक सोप्या जातात.

काही माहिती मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. पहिल्या जोरदार पावसानंतर मासे उलट्या प्रवाहात चढतात. कोकणात त्याला वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे. फिशबेसमध्ये अशा माशांपुढे ‘नदीतल्या नदीत स्थलांतर करणारे’ एवढाच शब्द असतो. कोणत्या ओढ्यात, कितव्या पावसाला, कोणता मासा आधी चढतो आणि अंडी घालण्याआधी त्याला पकडले तर पुढच्या वर्षी काय होते, हे तिथल्या कोळ्याला, ढिवराला, कातकऱ्याला ठाऊक असते. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करायच्या असतात. त्यांत प्रजातींची स्थानिक नावे, त्यांचे उपयोग आणि हंगाम लिहिले जातात. त्या ज्ञानावर गावाचा हक्क असल्याने या नोंदवह्या सरसकट इंटरनेटवर ठेवलेल्या नसतात. त्या पाहायच्या तर समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीत जावे लागते.